सगळ्यांचा श्वास वीस

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. परीक्षेला जाताना कागदाखाली धरायला तुम्ही जे पॅड नेता ना, त्याच जातीची. फक्त जाड, लाकडी, आणि वयानं तुमच्या आईपेक्षा मोठी. माझी नोकरी रुग्णालयात. बायकांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात तीस खाटा आहेत आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी लोखंडी दांडीला एकेक फळी लटकते. मी अकरा नंबरची. माझ्या चिमट्यात जो कागद असतो त्याला चार्ट म्हणतात. ताप किती, नाडी किती, श्वास किती, बीपी किती, हे दर चार तासांनी त्यावर लिहायचं. डॉक्टर येतात, मला उचलतात, वाचतात, परत लटकवतात.

आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आधी स्वतःचं कौतुक उरकून घेतो. मीही थोडं करीन, कारण एके काळी माझं कौतुक झालं होतं. पण गोड बोलायला मी आलेली नाही. माझ्या अंगावर खोटं लिहिलं गेलं आणि एका बाईचा जीव त्या खोट्याखाली सापडला. ते सांगायचंय.

रुग्णालयाच्या मागे, धोबीखान्याला लागून सुतारकामाची खोली होती. तिथं मोडक्या कपाटांच्या पाठी कापून मिस्त्रीनं आम्हा तीस जणींना केलं. तो कडा फार वेळ घासायचा. रंगारी कंटाळून म्हणाला, "अरे, फळीच आहे ती, पाळणा नाही." मिस्त्री म्हणाला, "आजारी बायांच्या खाटेला लागणार. पांघरुणाचा धागा अडकला, कुणी ओढलं, टाका ताणला, मग? तू येणार का शिवायला?" रंगाऱ्यानं ब्रश उचलला. त्यानं पांढऱ्या रंगात आकडे काढले, लोहारानं चिमटे ठोकले, मागून तार ओवली, आणि एका सकाळी आम्ही वॉर्डात आलो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी लटकते ती तोंड वाटेकडे करून. पेशंटकडे माझी पाठ. त्यामुळे पेशंट मला दिसत नाही, मागचं बरंचसं लोकांच्या बोलण्यातून कळतं. पण माझी पाठ दांडीला टेकलेली, दांडी खाटेची, आणि खाट लोखंडाची. आत निजलेल्या माणसानं श्वास घेतला की खाट हलते. तुम्हाला कळणार नाही इतकी. मला कळते. माझी तार दांडीवर बारीक घासते, दर श्वासाला एकदा. म्हणून पुढच्या बाजूला काय लिहिलंय आणि मागे खरं काय चाललंय, हे दोन्ही मला एकाच वेळी ठाऊक असतं. यात हेवा वाटण्यासारखं काही नाही.

तेव्हा वॉर्ड मोठ्या सिस्टरच्या ताब्यात होता. बुटकी बाई, दम्याची, बोलणं खरखरीत. पहिल्याच आठवड्यात एका शिकाऊ मुलीनं पेशंटला सांगितलं, "आजी, आता तुमचा श्वास मोजते हं." मोठ्या सिस्टरनं तिला बाजूला घेतलं. "श्वास मोजते असं कधी सांगतात का? सांगितलं की माणूस शाळेत उभा केल्यासारखा श्वास घ्यायला लागतो. नाडी बघायला मनगट धर. नाडी मोजून झाली तरी सोडू नकोस. तिला वाटू दे नाडीच चाललीय. तू छाती बघ, नाहीतर पोट बघ. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं, असली चलाखी इथं चालणार नाही."

"मिनिटभर कशाला, सिस्टर?"

"कारण जो बिघडायला लागतो त्याचा श्वास आधी बिघडतो. ताप नंतर येतो, बीपी त्याच्याही नंतर पडतं. बीपी पडल्यावर कळलं, तर ते कळणं कसलं? ते बघणं झालं."

मी हे ऐकलं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. माझ्यावरच्या चार रांगांत श्वासाची रांग सगळ्यात बारीक आखलेली होती, तरी ती सगळ्यात आधी बोलते म्हणे.

एकदा माझ्या खाटेवर एक म्हातारी होती. हर्नियाचं ऑपरेशन. ताप नाही, बीपी उत्तम. मोठ्या सिस्टरनं मनगट धरलं आणि मिनिटानंतर लिहिलं, अठ्ठावीस. माझ्या तारेनंही अठ्ठावीसच मोजले होते. डॉक्टर म्हणाले, "घाबरली असेल."

"घाबरलेलं माणूस गप्पा मारल्या की खाली येतं, डॉक्टर. हिच्या सुनेची पाच मिनिटं निंदा ऐकली मी. मजेत करत होती. तरी अठ्ठावीसच. आणि पायाची एक पोटरी दुसरीपेक्षा जाड वाटतेय. तुम्ही एकदा हात लावा."

डॉक्टरांनी हात लावला. पायात रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसापर्यंत पोचला होता. म्हातारी वाचली. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला दांडीवरून काढून विद्यार्थ्यांपुढे धरलं. म्हणाले, "हा आकडा बघा. या आकड्यानं बाई वाचली." खरं तर बाई वाचली ती मनगट धरून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या बाईमुळे. पण मी फळी. मी ते कौतुक घेतलं.

मोठी सिस्टर निवृत्त झाली. तिच्या जागी माणूस आलं नाही. पाच सिस्टरांच्या चार झाल्या, चारांच्या तीन, आणि मग बहुतेक दिवस दोन. खाटा तीसच राहिल्या. फॉर्म मात्र वाढले. पडण्याचा धोका आहे का त्याचा फॉर्म, पाठीला जखम आहे का त्याचा फॉर्म, फॉर्म भरले का त्याचा फॉर्म. एका माणसाचा श्वास मोजायला एक मिनिट, म्हणजे तीस माणसांना अर्धा तास. हा अर्धा तास दर चार तासांनी कुठून आणायचा, ते कुणी सांगितलं नाही. वरच्या मजल्यावर बसलेल्यांनी तो अर्धा तास चोरला आणि खाली राबणाऱ्या बायांना सांगितलं की चार्ट पूर्ण दिसला पाहिजे. मी हे कुणाचीही भीड न ठेवता सांगते. माझं काय वाकडं करणार, जाळतील फार तर.

मग यंत्र आलं. बोटाला चिमटा लावायचा, दंडाला पट्टा गुंडाळायचा, काखेत वायर ठेवायची, नाडी, ऑक्सिजन, बीपी, ताप, सगळं हिरव्या आकड्यांत. श्वास तेवढा ते यंत्र मोजत नव्हतं. त्याला माणूसच लागायचा. आणि कागदावर ती एक जागा मोकळी राहायला लागली.

मोकळी जागा पाहिली की सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रन मॅडम लाल शाईनं गोल करायच्या. गोल टाळायचा तर काहीतरी लिहायलाच हवं. काय लिहायचं, तर वीस. अठरा लिहिलं तर मोजल्यासारखं वाटतं, बावीस लिहिलं तर कुणी विचारेल. वीस बरा. सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. ऑपरेशनहून आलेली वीस, घरी निघालेली वीस. झाडू मारणाऱ्या आयाबाईंना वाचता यायचं. त्या एकदा खाटांच्या मधून जाता जाता म्हणाल्या, "काय वॉर्ड आहे हा. सगळ्यांचा श्वास वीस. कवायत चाललीय जणू." सगळ्या सिस्टर हसल्या. मी तीस खाटांच्या दांड्यांवर घासणाऱ्या तारांचा आवाज ऐकत होते. एक बारा, एक सतरा, पलीकडे एक सव्वीस. एकीचंही दुसरीशी जुळत नव्हतं.

त्या सिस्टर वाईट होत्या असं समजू नका. त्यांच्यातल्या एकीला सगळे एक्सप्रेस म्हणायचे. ती चालायची तेव्हा ट्रॉलीची चाकं तिच्या मागे लागायची. कुणाच्याही हाताची शीर तिला सापडायची, रडणाऱ्या बाईला ती दोन शब्दांत हसवायची. तिनं दोन पोरं याच ड्युट्या करत वाढवली होती. आणि नवी सिस्टर कामावर आली तेव्हा तिला ओळ न ओळ शिकवलं तेही एक्सप्रेसनंच.

"ताप यंत्रानं, नाडी यंत्रानं, बीपी यंत्रानं. श्वासाला वीस टाकायचा."

"न मोजता?" नवीनं विचारलं. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, गणवेशाच्या इस्त्रीच्या घड्या अजून ताठ.

"मोजून दाखव. तीस मोज. मग औषधं कोण देणार, सलाईन कोण बदलणार, तुझे बाबा?"

"पण वीस नसेल तर?"

"वीस नसेल तर दिसेल की. माणूस काय लपून श्वास घेतो?"

मित्रांनो, माणूस लपूनच श्वास घेतो. वाढलेला श्वास सुरुवातीला कुणालाही दिसत नाही. तो मोजावा लागतो. एक्सप्रेसला हे एके काळी माहीत होतं. तिनं ते बाजूला ठेवलं होतं, घरी गेल्यावर पाय वर करून बसल्यावर परत उचलू असं समजून. नवीनं महिनाभर लपूनछपून मोजून पाहिलं. तिचं काम रोज दीड तास मागे पडायला लागलं, मेट्रन बोलल्या, आणि मग तीही वीस टाकायला लागली.

त्यानंतर अकरा नंबरवर कपडे शिवणारी बाई आली.

आतड्याचा एक तुकडा काढून दोन टोकं जोडण्याचं ऑपरेशन होतं. सोबतीला तिची थोरली बहीण. ती रोज सकाळी यायची आणि संध्याकाळी जायची. धाकटीची बडबड ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. थोरली म्हणायची, "अगं, टाके ओले आहेत, तोंड मिट जरा." धाकटी म्हणायची, "ताई, मी तोंडात टाचण्या धरून बोलणारी बाई. नुसते टाके काय थांबवणार मला?" नव्या सिस्टरला तिनं वर-खाली न्याहाळलं. "सिस्टर, तुमच्या बाह्या कुणी शिवल्या? अंदाजानं कापलंय हे. एकदा मला माप घेऊ द्या." नवी हसली. म्हणाली, "बऱ्या व्हा, मग घ्या."

चौथा दिवस. पहाटेपासून माझ्या पाठीवरची तार जरा घाईत होती. मी मोजले, चोवीस. माझ्या पोटावर सहा वाजता रात्रपाळीच्या सिस्टरनं लिहिलं, वीस. दहा वाजता तार अठ्ठावीस घासत होती. नवी सिस्टर आली, बोटाला चिमटा लावला. नाडी चौऱ्याऐंशी, ऑक्सिजन शहाण्णव, ताप नाही. पेन तिसऱ्या रांगेत आलं. वीस.

थोरली म्हणाली, "सिस्टर, ही आज बोलत नाहीये."

"थकवा असतो हो, ताई. चौथा दिवस जड जातो."

"ही थकली तरी बोलते."

"झोपू द्या त्यांना."

अकरा वाजता छोटे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी मला दांडीवरून काढलं. मी त्यांच्या हातात होते आणि पाठीला दांडी नव्हती, म्हणून तेवढ्या वेळापुरता मला श्वास ऐकू आला नाही. त्यांनाही आला नाही. त्यांनी दहा सेकंद माझ्याकडे पाहिलं. "छान. सगळं नॉर्मल आहे. आज खुर्चीत बसवा."

"डॉक्टर," थोरली म्हणाली, "ही अशी नसते. मी चाळीस वर्षं बघतेय हिला."

"आकडे उत्तम आहेत, मावशी. काळजी करू नका." आणि मला लटकवून ते बाराव्या खाटेकडे गेले.

मला ओरडता आलं असतं तर तेव्हा ओरडले असते. लाकडाला तोंड नसतं. नुसतं पोट असतं, लिहून घ्यायला.

एक वाजता तिला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटांत परत निजवलं. तार आता बत्तीस. श्वास उथळ, एकामागून एक, जिन्यावरून कुणी अनवाणी धावत उतरावं तसा. पावणेदोनला धाकटी बऱ्याच वेळानं बोलली. आवाज नम्र होता, परका. "उद्या या हो बाई. उद्या नक्की मिळतील तुमचे कपडे."

थोरली उठली. नव्या सिस्टरला शोधत ती औषधांच्या टेबलापाशी गेली आणि तिच्या दंडाला धरून तिला घेऊन आली. "ती मला गिऱ्हाईक समजतेय. मी तिची बहीण आहे आणि ती मला बाई म्हणाली. सिस्टर, मी तुम्हाला परत परत सांगतेय."

नवीनं मनगट धरलं. सोडलं नाही. त्या दिवसात पहिल्यांदा माझ्या खाटेपाशी कुणी एक मिनिट उभं राहिलं. मिनिट संपल्यावर तिनं पावलांना हात लावला. "पाय गार लागतायत," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. छत्तीस.

दोनची ड्युटी बदलत होती. एक्सप्रेस ओव्हर घ्यायला आली, म्हणजे सकाळच्या सिस्टरकडून प्रत्येक पेशंटचं कसं आहे ते समजून घ्यायला. नवी म्हणाली, "अकरा नंबर छत्तीस आहे."

"परत मोज."

"दोनदा मोजलाय."

एक्सप्रेसनं मला उचललं आणि पाहिलं. वीस, वीस, वीस, चार दिवस वीस. "दहाला मोजला होतास?"

नवी परत मनगट धरायला वळली.

"डॉक्टरांना फोन लाव," एक्सप्रेस म्हणाली. आवाजात नेहमीची घाई नव्हती.

छोटे डॉक्टर ऑपरेशनला उभे होते. कुणीतरी त्यांच्या कानाला फोन धरला. फोनवरचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. "छत्तीस? आधी किती होता?"

मित्रांनो, इथं थांबा. या एका प्रश्नावर त्या बाईचा जीव टांगलेला होता, आणि हे नवीला कळत होतं. खरं उत्तर एकच होतं, की माहीत नाही, कुणी मोजला नव्हता. पण ते उत्तर दिलं तर तिची नोकरी, रात्रपाळीवालीची नोकरी, एक्सप्रेसनं शिकवलेलं, सगळं त्याच फोनमधून बाहेर येणार. ती माझ्याकडे बघत होती.

"वीस," ती म्हणाली.

"चार तासांत वीसचा छत्तीस? आज बसवलं ना, दुखलं असेल, रडली असेल. नाडी?"

"अठ्ठ्याऐंशी."

"बघा, नाडी वाढलेली नाही. काही गंभीर असतं तर नाडी आधी धावली असती. दुखण्याचं इंजेक्शन द्या. ही केस संपली की येतो."

इंजेक्शन दिलं. धाकटी शांत झाली. थोरलीनं तिच्या कपाळावर हात फिरवला आणि ती म्हणाली, "झोपली बाई एकदाची." तेवढ्यानं तिच्या जिवाला जरा आराम वाटला, आणि ते ऐकून माझ्या लाकडात भेग जाते की काय असं मला झालं. कारण पाठीवरची तार थांबलेली नव्हती. ती फक्त बारीक झाली होती. खाट हलत होती, पण आता जणू खाटेवर वजनच नव्हतं.

नवीची ड्युटी संपली होती. ती घरी गेली नाही. साडेतीनला ती आली, माझ्या चिमट्यातले मागचे कागद एकेक करून उलटायला लागली. भरती झाल्या दिवसाचा कागद सगळ्यात तळाशी होता. त्यावर लिहिलं होतं की बाई रोज बीपीची एक गोळी घेतात. नवीनं गोळीचं नाव दोनदा वाचलं. ती गोळी नाडीला वाढू देत नाही. माणूस आतून जळत असला तरी नाडी शहाण्यासारखी चौऱ्याऐंशीवर बसून राहते. म्हणजे यंत्राच्या हिरव्या आकड्यांनी चार दिवस काहीच सांगितलं नव्हतं. जो एक आकडा सांगू शकला असता, तो कुणी मोजला नव्हता.

तिनं लघवीची पिशवी पाहिली. सकाळपासून जेमतेम तळ भिजला होता. तिनं पांघरूण वर केलं. एक्सप्रेसला म्हणाली, "गुडघ्यांवर डाग उठलेत. निळसर."

मग तिनं फोन लावला. या वेळी ती थांबली नाही. "सर, मघाशी मी खोटं बोलले. सकाळचा वीस मी मोजला नव्हता. पहाटेचा कुणी मोजला नव्हता. कधीपासून वाढलाय आम्हाला माहीत नाही. बीपीची गोळी चालू आहे, नाडी वाढणारच नाही. लघवी नाही, गुडघ्यांवर डाग आहेत, बाई बहिणीला ओळखत नाहीत. कुणालाही पाठवा, पण आत्ता."

मोठे डॉक्टर स्वतः आले. चार मिनिटांत. खरं ऐकल्यावर यायला चारच मिनिटं लागतात. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. आतड्याचा जोड सुटला होता. पोटात सगळं पसरलं होतं. "किती तास झाले?" त्यांनी विचारलं. ते उत्तर माझ्या कागदावर असायला हवं होतं. मी त्यासाठीच केलेली होते.

साडेचारला तिला आत नेलं. पुन्हा पोट उघडलं, धुतलं, आयसीयूत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

त्याच दुपारी मेट्रन मॅडम वॉर्डात आल्या. हातात कोरा चार्ट. पडदा ओढला. आत नवी, एक्सप्रेस आणि रिकाम्या खाटेवर मी.

"चौकशी लागेल," मॅडम म्हणाल्या. "नवीन कागदावर नीट उतरव. सहाला बावीस, दहाला चोवीस, दोनला छत्तीस. चढत गेलेला दिसला पाहिजे. आपण लक्ष ठेवून होतो, वाढल्याबरोबर कळवलं, असं वाचता आलं पाहिजे."

"हे खोटं आहे, मॅडम."

"आणि वीस खरं होतं?"

एक्सप्रेस खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "लिही गं. माझ्या दोन पोरांकडे बघ. तुला तर अजून सगळं आयुष्य काढायचंय." आणि मग जरा थांबून, कुणी विचारलं नसताना म्हणाली, "मीच शिकवलं तुला."

नवीनं कोरा कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात पडद्यापलीकडून कुणी म्हणालं, "चष्मा राहिलाय तिचा. न्यायला आलेय."

थोरली होती. तिनं खणातून चष्मा घेतला, चपला पिशवीत घातल्या. जाण्यासाठी वळली आणि मला पाहून थांबली. "यावर रोज लिहीत होतात ना? त्या दिवशी सकाळी काय लिहिलंत? मला वाचता येत नाही तुमचं. सांगा."

मेट्रन म्हणाल्या, "ते रीतसर अर्ज केला की मिळेल, ताई."

"मी हिला विचारतेय."

नवीनं पेन खाली ठेवलं. "वीस लिहिलं. मोजलं नव्हतं. मोजलं असतं तर सकाळीच कळलं असतं."

थोरलीनं शाप दिला नाही, ती रडली नाही. नंतर तिनं माझ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मी तीनदा सांगितलं होतं. ते कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं. माझ्यावर तापाची रांग आहे, नाडीची आहे, बीपीची आहे. माणसाला चाळीस वर्षं ओळखणाऱ्या माणसानं काय सांगितलं, त्याची रांगच नाही.

"लिहा," थोरली म्हणाली. "माझ्यासमोर लिहा."

नवीनं जुनाच चार्ट पुढ्यात घेतला. दहा वाजताच्या वीसवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, मोजला नाही. खाली समासात लिहिलं, रुग्णाच्या बहिणीने तीन वेळा सांगितले की ही अशी नसते. ऐकले नाही. त्याखाली पूर्ण नावाची सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मेट्रननी तिच्या हातातून पेन घेतलं तेव्हा सही झाली होती.

एक्सप्रेस खिडकीपासून निघाली. तिनं मेट्रनकडे हात पुढे केला. "द्या ते पेन. पहिले तीन दिवस दुपारचे वीस माझे आहेत."

त्यानंतर मला चार्टसकट कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवलं. चौकशी होणार आहे म्हणतात. नवी घरी बसली आहे, बोलावणं येईपर्यंत येऊ नकोस असं तिला सांगितलंय. एक्सप्रेसला कागद सांभाळायच्या खोलीत टाकलंय. ज्यांनी पाच सिस्टरांच्या दोन केल्या त्यांना कुणी बोलावलेलं नाही, आणि बोलावतील असं मला वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मला जपू नका. मी लाकूड आहे, माझं व्हायचं ते होईल. तुम्ही मोठे झालात आणि तुमच्या हातात एखादा कागद आला, मग तो रुग्णालयातला असो, पुलाच्या तपासणीचा असो, नाहीतर पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा, तर एवढंच करा. मोजलं नसेल तर जागा कोरी सोडा. लाल गोल पडू द्या, बोलणी खा. कोरी जागा दिसली की कुणीतरी विचारायला येतं. आकडा दिसला की सगळे पुढे निघून जातात. आणि कुणाची बहीण, कुणाची आई तुमच्यापाशी येऊन म्हणाली की हे माणूस आज नेहमीसारखं नाही, तर हातातलं खाली ठेवून उठा.

आज सकाळी आयाबाई कपाटापुढची फरशी पुसत होत्या. शिपायाशी बोलत होत्या. अकरा नंबरवर कालपासून दुसऱ्या बाई आहेत. म्हाताऱ्या आहेत, पोटाचंच ऑपरेशन आहे. खाटेला नवी प्लास्टिकची फळी लावली आहे आणि वॉर्डात आज एकच सिस्टर आहे. बाई सकाळपासून काही बोलत नाहीत, असं आयाबाई म्हणाल्या.

दहा वाजून गेले. कपाटाला कुलूप आहे, मला तिथला श्वास ऐकू येत नाही. कुणीतरी जाऊन मोजा.